पुसण्यापूर्वीचा प्रश्न

जुन्या मराठी दौलतींच्या दप्तरांत कागद लिहून पुरा झाला, तरी तेवढ्याने तो पक्का होत नसे. माथ्यावर शिक्का आणि मजकुराच्या अखेरीस मोर्तब उमटले, म्हणजे मगच त्या कागदाला अधिकार येई. लिहिणे वेगळे आणि लिहिलेले कायम करणे वेगळे, हा विवेक त्या पद्धतीच्या मुळाशी होता. आज ती राज्ये राहिली नाहीत, शिक्के संग्रहालयांतील काचेच्या पेट्यांत जाऊन बसले. परंतु ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द मात्र आपल्या बोलण्यात अद्याप नांदतो आहे.

संगणकाच्या जगातही या मोर्तबाला एक नवा अवतार प्राप्त झाला आहे. एखादी फाईल पुसण्याची आज्ञा आपण दिली, की काही वेळा यंत्र क्षणभर थबकते आणि विचारते, ‘ही फाईल खरोखरच पुसू काय?’ आपण होकार दिला तर ती जाते, नकार दिला तर राहते. हा प्रश्न इतका साधा दिसतो, की त्याची परीक्षा घ्यावी असे कोणाच्या मनात सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची परीक्षा कशी घेतात आणि ती घेणे का अगत्याचे आहे, हे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि प्रश्न कसा विचारावा, उत्तर कसे ऐकावे आणि होकार कशाला म्हणावे, हा विषय भाषेचाही आहे, एवढ्या आधारावर हे धाडस.

प्रथम ‘आज्ञा-ओळ’ म्हणजे काय ते पाहू. भ्रमणध्वनीवर आपण चित्रांवर बोट ठेवून कामे करतो. संगणकाशी बोलण्याची याहून जुनी रीत अशी, की काळ्या पडद्यावर एक ओळ टंकित करावयाची आणि यंत्राने ती पाळावयाची. ही रीत लोपलेली नाही. शास्त्रीय गणनेच्या क्षेत्रात तिचा वापर आजही मोठा आहे. पुण्यास १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘परम’ नावाचे महासंगणक बांधले आणि २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय संगणक-प्रणाली प्रसिद्ध केली. ती लिनक्स या मुक्त प्रणालीवर उभारलेली असून लिनक्सच्या पोटात आज्ञा-ओळ असतेच. आपल्या इंदुरातील भारतीय प्रौद्योगिकी संस्था २००९ साली सुरू झाली. राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ व इंडस-२ ही मोठी यंत्रे आहेत. आज या अंकाचे वाचक असलेल्यांपैकी काही जण उद्या अशा ठिकाणी जातील, तेव्हा त्या काळ्या पडद्याशी त्यांची गाठ पडल्यावाचून राहणार नाही.

त्या पडद्यावर फाईल पुसण्याची जी आज्ञा आहे, तिचे नाव ‘आरएम’. काढून टाकणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दातील दोन अक्षरे घेऊन ते बनविले आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली निर्माण केली. तिची पहिली मार्गदर्शिका नोव्हेंबर १९७१ ची असून तीत ही आज्ञा आढळते. पुढे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रकल्पाची घोषणा केली. आज लिनक्सवर सामान्यतः जी ‘आरएम’ आज्ञा चालते ती त्याच प्रकल्पातील होय.

या आज्ञेचा स्वभाव मितभाषी आहे. साध्या फाईलचे नाव दिले, की ती एक शब्दही न बोलता नाहीशी करते. पुसले असेही सांगत नाही, आणि पुसलेले परत मिळावे म्हणून कोठे टोपलीतही ठेवीत नाही. वास्तविक ती कागद फाडीत नाही, सूचीतील नाव खोडते. ग्रंथालयाच्या सूचीतून पुस्तकाची नोंद काढून टाकावी आणि त्या पुस्तकाची फळी रिकामी समजून तिथे नवे पुस्तक ठेवण्यास मोकळीक द्यावी, तसा हा प्रकार आहे. नवे पुस्तक येईपर्यंत जुने कदाचित तिथेच असेल; पण ते कोठे आहे हे सांगणारा आता कोणी उरलेला नसतो. म्हणून व्यवहारात पुसलेले ते गेलेच, असे समजून चालावे लागते.

या अबोल आज्ञेला प्रश्न विचारावयास लावण्याचे उपाय आहेत. आज्ञेपुढे आडवी रेघ व लहान लिपीतील ‘आय’ हे अक्षर लिहिले, की ती प्रत्येक फाईलगणिक विचारते. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही सोय होती. ग्नूच्या आज्ञेत मोठ्या लिपीतील ‘आय’ लिहिण्याची आणखी एक सोय आहे. त्या वेळी तीनहून अधिक फायली एकदम पुसावयाच्या असतील, किंवा एखादा कप्पा आतील सर्व फायलींसह काढावयाचा असेल, तर ती आरंभी एकदाच विचारते. याच्या उलट ‘एफ’ हे अक्षर. ते लिहिले म्हणजे आज्ञा काहीच विचारीत नाही. यांखेरीज एक अलिखित सौजन्यही आहे. ज्या फाईलवर लिहिण्याची मनाई आहे अशी फाईल पुसावयास सांगितले, तर कोणतेही अक्षर न लिहिता ती आपण होऊन विचारते.

आता परीक्षेकडे वळू. पुष्कळांस वाटेल, की प्रश्न पडद्यावर दिसला म्हणजे झाले. यात तपासावयाचे ते काय? परंतु आगीची सूचना देणारी घंटा भिंतीवर लावलेली दिसणे आणि ती वेळेवर वाजणे या निराळ्या गोष्टी आहेत. पुष्टीचा प्रश्न हे असेच संकटकाळचे साधन आहे. ते बिघडलेले असले तर एरवी कोणाच्या ध्यानातही येत नाही. येते ते नुकसान झाल्यावर. म्हणून परीक्षकाने प्रत्येक वेळी तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. प्रश्न विचारला गेला काय? उत्तराप्रमाणे वर्तन झाले काय? आणि आज्ञेने अखेरीस दिलेला जबाब बरोबर होता काय? तिसऱ्या गोष्टीचा थोडा उलगडा केला पाहिजे. प्रत्येक आज्ञा संपताना संगणकाला एक अंक देऊन जाते. शून्य म्हणजे काम निर्वेध झाले. अन्य अंक म्हणजे काही चुकले. आपण ‘नाही’ म्हटल्यामुळे फाईल राहिली, तर तो दोष नव्हे, ती आपली इच्छा. म्हणून ‘आरएम’ त्या वेळीही शून्यच देते. उलट नसलेल्या फाईलचे नाव दिले तर ती तक्रार करते व एक हा अंक देते.

परीक्षेसाठी नेहमी एक स्वतंत्र, रिकामा कप्पा तयार करावा आणि त्यात नकली फायली ठेवाव्या. खऱ्या कागदपत्रांत बसून पुसण्याच्या आज्ञेची परीक्षा घेणे म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारात काडी पेटते की नाही हे पाहणे होय. नकली फायलींपैकी काही रिकाम्या व काही मजकुराच्या असाव्या, कारण ग्नूची आज्ञा या दोहोंचा उल्लेख प्रश्नात निरनिराळ्या शब्दांनी करते. ज्याने केवळ रिकाम्या फायलींवर परीक्षा घेतली, त्याने अर्धाच प्रश्न ऐकला.

पहिली कसोटी उत्तराची. मूळ इंग्रजी मांडणीत ‘वाय’ हे अक्षर म्हणजे होकार आणि ‘एन’ म्हणजे नकार. ही दोन उत्तरे देऊन पाहणे सोपे आहे. परंतु चांगला परीक्षक तेवढ्यावर थांबत नाही. नुसती एंटर कळ दाबली तर? काहीच उत्तर न देता पुढील ओघ बंद केला तर? आधी एक मोकळी जागा सोडून मग ‘वाय’ लिहिले तर? या तिन्ही वेळी फाईल राहिली पाहिजे आणि ती राहते. तत्त्व असे, की स्पष्ट होकार नाही तो नकारच समजावा. मात्र एक गंमत येथे ध्यानात येते. आज्ञा उत्तराचे केवळ पहिले अक्षर पाहते. म्हणून कोणी ‘काल’ या अर्थाचा ‘येस्टरडे’ हा इंग्रजी शब्द लिहिला, तरी त्याचे पहिले अक्षर ‘वाय’ असल्याने तो होकार ठरतो व फाईल जाते.

दुसरी कसोटी सीमेची. ‘तीनहून अधिक’ असा नियम असेल तेव्हा दोन फायली किंवा शंभर फायली देऊन पाहण्यात फारसे हशील नाही. तीन आणि चार या संख्यांवरच नियमाची खरी परीक्षा होते. तीन फायलींना प्रश्न येऊ नये, चार होताच यावा. ‘अधिक’ आणि ‘किंवा अधिक’ यांतील भेद कार्यक्रम लिहिणाराच्या हातून सहज निसटतो. गणिताच्या तासाला असमानतेची चिन्हे शिकताना हा भेद क्षुल्लक वाटतो. येथे तो एका फाईलच्या जीवितमरणाचा होतो.

तिसरी कसोटी परस्परविरोधी आज्ञांची. एकाच ओळीत ‘विचार’ आणि ‘विचारू नको’ अशी दोन्ही अक्षरे आली, तर कोणाचे ऐकावे? येथे शेवटचा शब्द प्रमाण, असा नियम आहे. ‘एफ’ नंतर ‘आय’ आले तर आज्ञा विचारते. ‘आय’ नंतर ‘एफ’ आले तर विचारीत नाही. पुष्कळ ठिकाणी सावधगिरी म्हणून ‘आरएम’ या शब्दालाच ‘प्रश्न विचारणारे आरएम’ असा अर्थ देऊन ठेवलेला असतो. वापरणारास वाटते की आपण सुरक्षित आहो. पण त्याने सवयीने पुढे ‘एफ’ लिहिले, की ते संरक्षण निमूटपणे नाहीसे होते.

चौथी कसोटी नावांची. फाईलच्या नावात मोकळी जागा असू शकते. ‘सहामाही निकाल’ असे नाव अवतरणचिन्हांवाचून लिहिले, तर संगणक ‘सहामाही’ व ‘निकाल’ अशा दोन फायली समजतो. आणि त्या नावांच्या फायली दुर्दैवाने असल्या, तर त्याच पुसल्या जातील. नावाच्या आरंभी आडवी रेघ असली तर ते नाव आहे की हुकूम आहे याचा घोटाळा होतो. या घोटाळ्याचा काही चतुर लोकांनी उपयोगही करून घेतला आहे. महत्त्वाच्या कप्प्यात ते आडवी रेघ व लहान ‘आय’ अशाच नावाची रिकामी फाईल ठेवून देतात. कोणी चांदणी-चिन्ह वापरून त्या कप्प्यातील सर्व फायली पुसू गेला, की त्या यादीत हे नावही येते, आज्ञा त्याला हुकूम समजते आणि एकेका फाईलविषयी विचारू लागते. युक्ती नामी आहे. पण दरवाजाला कुलूप लावणे त्याहून बरे.

पाचवी कसोटी कप्प्याची. कप्पा आतील सर्व फायलींसह पुसताना आज्ञा प्रथम विचारते, ‘आत उतरू काय?’ येथे नकार दिला तर आतील सर्व काही जसेच्या तसे राहिले पाहिजे. होकार देऊन आतील एकाच फाईलला नकार दिला, तर ती फाईल आणि तिला धारण करणारा कप्पा, दोन्ही राहिली पाहिजेत. घरात माणूस असताना घर पाडता येत नाही, तसेच हे.

या साऱ्या कसोट्या कोणी हाताने रोज घेत बसत नाही. त्यासाठी दुसरा कार्यक्रम लिहून त्याच्याकडून उत्तरे देववितात. येथे एक मोठा फसवा खड्डा आहे. मनाई असलेल्या फाईलविषयी आपण होऊन विचारण्याचे जे सौजन्य आम्ही वर सांगितले, ते समोर खरोखर टंकयंत्र व पडदा असेल तरच दाखविले जाते. उत्तरे दुसऱ्या कार्यक्रमाच्या नळीतून येत असली, तर आज्ञा समजते की येथे माणूस नाही, आणि न विचारता फाईल पुसून मोकळी होते. तेव्हा नळीतून घेतलेल्या परीक्षेत तो प्रश्न कधी उमटणारच नाही. त्यावर उपाय म्हणून संगणकात खोटा पडदा उभा करतात. आज्ञेला वाटते की समोर माणूस बसला आहे. डॉन लिब्स यांनी १९९० साली तयार केलेले ‘एक्स्पेक्ट’ हे साधन याच कामाचे. प्रश्नाची वाट पाहावी, तो आला की उत्तर द्यावे, असे त्याचे चालणे आहे. दुसरा खड्डा अधिकाराचा. ‘रूट’ या सर्वाधिकारी नावाने बसून परीक्षा घेतली, तर मनाईचा प्रश्न येतच नाही, कारण त्याला मनाई अशी कशाचीच नसते. आणि तिसरा खड्डा असा, की हे प्रश्न सामान्य मजकुराच्या वाटेने न येता दोषसूचनांच्या वाटेने पडद्यावर येतात. परीक्षक केवळ पहिल्या वाटेवर टपून बसला, तर ‘प्रश्न आलाच नाही’ असा चुकीचा अहवाल देईल.

विद्यार्थी मित्रहो, आता थोडे भाषेविषयी. आमची मातृभाषा कोंकणी. तीत होकाराला ‘हय’ म्हणतात. मराठीत ‘होय’ अथवा ‘हो’, आणि इंदूरच्या बाजारात कानी पडणाऱ्या हिंदीत ‘हाँ’. नकाराला कोंकणीत ‘ना’ वा ‘न्हय’, मराठीत ‘नाही’, हिंदीत ‘नहीं’. म्हणजे तिन्ही भाषांत होकार ‘ह’ ने आणि नकार ‘न’ ने सुरू होतो. पहिले अक्षर पाहणाऱ्या यंत्राला हा योगायोग मोठाच सोयीचा आहे. प्रत्येक भाषेसाठी होकार कोणता मानावा हे संगणकाच्या मांडणीत लिहून ठेवण्याची सोय असते. पण कोणी ‘हटवू नका’ असे उत्तर दिले तर? तेही ‘ह’ नेच सुरू होते! मराठीत कार्यक्रम लिहिणाराने हे उत्तरही आपल्या कसोट्यांत घातले पाहिजे.

प्रश्नाच्या रचनेचेही असेच आहे. ‘ही फाईल पुसू काय?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटले तर अर्थ एकच. पण ‘ही फाईल ठेवायची नाही ना?’ असे विचारले, तर ‘हो’ म्हणजे ‘हो, ठेवायची नाही’ की ‘हो, ठेवायची आहे’? आणि ‘नाही’ म्हणजे तरी काय? दोन माणसे समोरासमोर असली तर स्वरावरून निभावून जाते. यंत्राला स्वर ऐकू येत नाही. म्हणून पुष्टीचा प्रश्न होकारार्थी असावा, त्यात एकच क्रिया असावी आणि जिच्यावर ती होणार त्या वस्तूचे पूर्ण नाव असावे. व्याकरणाच्या पुस्तकातील हा धडा यंत्रशाळेतही उपयोगी पडतो, याचे आम्हांस समाधान वाटते.

इतके सर्व तंतोतंत असूनही अनर्थ होतात. १९९८ साली पिक्सार या अमेरिकन चित्रसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली अशाच एका आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या, आणि राखीव प्रतीही कामाच्या नाहीत असे आढळून आले. गॅलिन सुसमन या बाई प्रसूतीनंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेत एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावरील माहितीचा कप्पा पुसावयास आज्ञा दिली. प्रत्यक्षात तो मुख्य यंत्रावर होता. सेकंद-दोन सेकंदांत चूक ध्यानी आली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी अवघे ४.५ गिगाबाइट उरले होते. सुदैवाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली.

या दुसऱ्या प्रसंगाचा बारकाईने विचार करावा. समजा, यंत्राने विचारले असते, ‘हा कप्पा पुसू काय?’ तर अभियंत्याने ‘हो’ म्हटले असते, कारण त्याला तोच कप्पा पुसावयाचा होता. चुकले होते ते यंत्र. आणि दोन यंत्रांच्या नावांत फरक होता केवळ एका आकड्याचा. म्हणजे ज्या गोष्टीविषयी चूक होण्याचा संभव आहे ती गोष्टच प्रश्नाने डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे. पुढे त्या संस्थेने यंत्राचे नाव पडद्यावर अधिक ठळकपणे ओळखू यावे असा निश्चय केला, तो याचसाठी.

आणखी एक शत्रू म्हणजे सवय. शंभर फायलींविषयी शंभर वेळा विचारले, की दहाव्या प्रश्नापासून माणूस वाचणे सोडतो आणि बोट आपोआप ‘वाय’ वर पडू लागते. युनिक्समध्ये तर ‘येस’ नावाची एक आज्ञाच आहे. ती थांबवीपर्यंत अखंड ‘वाय’ ‘वाय’ लिहीत राहते आणि तिला ‘आरएम’शी जोडले की सर्व प्रश्नांची उत्तरे परस्पर दिली जातात. जेफ रस्किन यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादिले आहे, की सवयीने दिलेली पुष्टी निरुपयोगी ठरते, त्यापेक्षा केलेले परत फिरविण्याची सोय अधिक मोलाची. पुसलेली वस्तू काही काळ टोपलीत ठेवण्याची रीत अशीच सोय देते. काही ठिकाणी महत्त्वाची वस्तू पुसण्यापूर्वी तिचे संपूर्ण नाव टंकित करावयास लावतात. ‘वाय’ सवयीने उमटते, पूर्ण नाव सवयीने उमटत नाही.

आज आपल्या घराघरांत आजोबांची छायाचित्रे, लग्नकार्यांच्या ध्वनिफिती, जुन्या पत्रांच्या प्रती संगणकात जाऊन बसल्या आहेत. माळव्यात तिसऱ्या-चौथ्या पिढीपासून राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ते कागद म्हणजे आपल्या गावाकडचा उरलेला धागा असतो. त्यांची एकच प्रत असेल, तर कितीही उत्तम प्रश्न त्यांचे रक्षण करू शकणार नाही. म्हणून महत्त्वाच्या फायलींच्या किमान दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या आणि त्या प्रती उघडतात की नाही, हेही अधूनमधून पाहावे. पिक्सारच्या मंडळींनी राखीव प्रती ठेविल्या होत्या, पण उघडून पाहिल्या नव्हत्या. येत्या सुट्टीत आपल्यापैकी ज्यांना संगणकाची आवड आहे त्यांनी एक नवा कप्पा करावा, त्यात चार नकली फायली ठेवाव्या आणि वर सांगितलेल्या कसोट्या एकामागून एक घेऊन पाहाव्या. प्रत्येक कसोटीपूर्वी काय व्हावे ते वहीत लिहावे, आणि मग काय झाले ते त्याच्या शेजारी लिहावे. दोन्ही स्तंभ जुळले तर उत्तमच. न जुळले तर का जुळले नाहीत याचा शोध घ्यावा, आणि तो घेतल्याशिवाय पुढील कसोटीकडे वळू नये.